एका पायाची दोन कामे

२५ मार्च १९३६, सकाळी सात

काल पाडवा झाला. संकल्प काल करायचा होता, पण श्रीखंडानंतर झोप लागली. आज करतो. संकल्प: मोटार स्वतः चालवणे.

मोटार दारात येऊन आठ महिने झाले आणि मी अजून मागच्या सीटवर. माझे साडू मार्तंडराव निपाणीत तंबाखूचा व्यापार करतात आणि स्वतःची मोटार स्वतः हाकतात. मागच्या भेटीत त्यांनी चार लोकांदेखत विचारलं, हरिभाऊ, तुम्हाला अजून भरमाच आणतो वाटतं. भरमा म्हणजे माझा ड्रायव्हर. २६ एप्रिलला मार्तंडरावांच्या मुलीचं लग्न आहे. त्या दिवशी मांडवापर्यंत मोटार मी नेणार.

त्याच दिवशी, दहा वाजता

भरमाला सांगितलं, एप्रिलअखेर तुझं काम संपलं. त्याला खरोखर काढायचं मनात नाही. पण तो कायमचा आहे म्हटलं की माझा अभ्यास ढिला पडेल. शिवाय तो गयावया करील, मग मी मोठ्या मनाने ठेवून घेईन, असा बेत होता. तो "बरं सायेब" म्हणाला आणि काच पुसायला गेला. धक्का बसला असावा.

बायकोने, वसुधेने, विचारलं, त्याचं काय चुकलं. म्हटलं, काही नाही, प्रिन्सिपलचा प्रश्न आहे. ती म्हणाली, प्रिन्सिपलला मोटार निपाणीला नेता येते का. बायकांना कायदा कळत नाही.

२८ मार्च

कॅम्पातल्या लिलावात एका कॅप्टनची जुनी इंग्रजी मोटारविषयक मासिकं मिळाली. मोठा ठेवा हाती लागला. एकात युक्ती दिली आहे: उतारावर गिअर खाली आणताना उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवायचा आणि त्याच पायाची टाच ॲक्सिलरेटरवर टेकवायची. ब्रेकही चालू, इंजिनही तयार. गिअर आवाज न करता बसतो. शर्यतीतले साहेबलोक असंच करतात. मार्तंडरावांना हे नक्कीच माहीत नसणार.

भरमाला चित्र दाखवलं. तो म्हणाला, "हे व्हय? पाशिंजरांच्या सर्व्हिस गाडीवर चार वर्सं तवंदीच्या घाटात हेच करत हुतो की. ह्याला नाव असतंय म्हाईत न्हवतं." मी त्याला समजावलं की त्याचं ते आपसूक होतं, हे शास्त्र आहे.

२९ मार्च

हिंडलग्याच्या रस्त्यावर पहिला धडा. गिअरचा आवाज बराच आला. शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. भरमाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली. गिअरचं लोखंड जुनं आहे.

अडचण अशी की मासिकात पातळ तळव्याचा बूट घाला म्हटलंय, आणि वसुधा मोटारीत पादत्राण चढू देत नाही. दर अमावास्येला ती स्टिअरिंगला हळदकुंकू लावते. भरमाही वहाणा बाहेर काढून बसतो. त्याचं मत, अनवाणीच बसा, पायाला कळतंय. बार असोसिएशनचा मेंबर अनवाणी मोटार हाकताना दिसला तर काय राहिलं? तोड काढली: मोजे.

२ एप्रिल, रात्री

पहाटे घरच्या घरी अभ्यास. जमिनीवर हळदीचा डबा (ब्रेक) आणि मिठाचा डबा (ॲक्सिलरेटर). वीस वेळा केलं. अठरा वेळा उत्तम. उरलेल्या दोन वेळांबद्दल वसुधा अजून बोलते आहे. भाजीला दुपारी हळद नव्हती.

४ एप्रिल

कोर्टात टेबलाखाली सराव. सदलग्याच्या बांधाच्या दाव्यात उलटतपासणी चालू असताना टाच आणि चवडा आळीपाळीने दाबत होतो. जज्जसाहेबांनी मध्येच थांबून विचारलं, आपल्याला बाहेर जाऊन यायचं आहे का. सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं, म्हणून जाऊन आलो.

८ एप्रिल

सांबऱ्याच्या माळावर तीन तास. शेवटी एकदा गिअर अगदी लोण्यासारखा बसला. आवाज नाही, हिसका नाही. भरमाकडे पाहिलं. तो म्हणाला, इंजिन बंद पडलंय.

परतीला तो बैलांचं सांगत होता. उतार लागला की बैलाला पयलं आवाज द्यायचा, मग कासरा वडायचा. न्हायतर त्यो बिचकतोय. हे बी तसंच, सायेब, आदी त्येचा आवाज ऐका. मी त्याला सांगितलं, मोटारीला कान नसतात. तो म्हणाला, "तुमास्नी हायत की." ह्याचं उत्तर उद्या देईन.

१२ एप्रिल

भरमाची बायको मालुबाई नेहमीसारखी भाजी देऊन गेली. नोकरीबद्दल तीही अवाक्षर बोलली नाही. दोन वांगी जास्त घातली. हे लोक मानी आहेत. वसुधा म्हणते, जाऊ दे आता, सांगून टाका त्याला राहा म्हणून. मी म्हटलं, त्याने एक शब्द टाकू दे, त्याच क्षणी सांगतो. मालकाने आपण होऊन मागे फिरणं बरं दिसत नाही.

१८ एप्रिल

मार्तंडरावांना पत्र टाकलं: रविवारी नऊच्या ठोक्याला पोचतो, मोटार मी स्वतः आणत आहे, घाटासकट. "घाटासकट"खाली रेघ मारली.

२५ एप्रिल

तयारी पूर्ण. गिअर दहापैकी चार वेळा बसतो, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा. लग्नासाठी नवे रेशमी मोजे आणले. भरमाने ते हातात घेऊन चाचपले आणि म्हणाला, सायेब, हे गुळगुळीत हायत. म्हटलं, रेशीम आहे, गुळगुळीत असणारच.

२६ एप्रिल, निपाणी, दुपारी

जेवणं चालू आहेत. डोकं दुखतंय असं सांगून माडीवर बसलो आहे. क्रमाने लिहितो.

संकेश्वरपर्यंत उत्तम. वाटेत एकच गिअर वापरल्याने काही अडचण आली नाही. मग तवंदीचा घाट. पहिल्या वळणावर चवडा ब्रेकवर, टाच ॲक्सिलरेटरवर, अगदी चित्रातल्यासारखं. मग चवडा मोज्यातल्या मोज्यात सरकला आणि ब्रेकवरून खाली आला. टाच मात्र जागेवर राहिली. मोटार घाट उतरायच्याऐवजी पळायला लागली. भरमाने शेजारून हातब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला दाबलं. खडीच्या ढिगात थांबलो. दुसऱ्या बाजूला काय होतं ते मी नंतर वाकून पाहिलं. पाहायला नको होतं.

वसुधा पैठणी सावरत उतरली आणि चालू लागली. भरमा म्हणाला, "वैनीसाब, बसा. म्या हाय." ती बसली. मीही बसलो, मागे. तो स्टिअरिंगवर बसला आणि पाय हलल्याचंसुद्धा कळलं नाही. चौथ्या वळणाला वसुधेला झोप लागली. घाट संपला की मांडवाआधी मी पुन्हा पुढे बसावं असं ठरवत होतो, तर घाटाच्या पायथ्याशी वरपक्षाची वाट बघत मार्तंडराव स्वतः उभे. त्यांनी भरमाला स्टिअरिंगमागून उतरताना पाहिलं, मागे मला पाहिलं, आणि नमस्कार केला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आत्ता खिडकीतून दिसतंय, त्यांनी भरमाला पहिल्या पंगतीला बसवलंय आणि स्वतः जिलबी वाढतायत.

२७ एप्रिल

निर्णय: भरमाला ठेवायचं. त्याने विचारायचाच अवकाश.

आज सकाळी तो ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. विचारणार हे ओळखलं. मालकाने लगेच वर बघू नये, म्हणून कागद वाचत राहिलो. थोडा वेळ थांबला आणि गेला.

२८ एप्रिल

पुन्हा आला. "सायेब, एक इचारायचं हुतं," म्हणाला. मी म्हटलं, आधी मोटारीची धूळ पूस, मग बोलू. पुसून झाल्यावर आला तेव्हा अशील बसले होते. एक दिवस लांबलं तर मागणीला वजन येतं.

२९ एप्रिल

आज आला नाही. वसुधा म्हणाली, मी सांगते त्याला. मी मनाई केली. उद्या मीच बोलवीन.

३० एप्रिल

बोलावलं. खुर्चीतून उठून सांगितलं की नोटीस रद्द, तू राहा. भरमा म्हणाला की लग्नात मार्तंडरावांनी त्याला विचारलं होतं, आमच्या ट्रकवर येतोस का. "म्या म्हनलो, सायेबांनी तीस तारखेपास्नं सोडलंय, पर तरीबी पयलं त्यास्नी इचारतो. दोन दिस आलतो इचारायला, ठेवता का म्हनून. तुमी वर बघितलं न्हाय. काल तिकडं व्हय म्हनून निरोप धाडला."

मी म्हटलं, निरोप फिरवता येतो. तो म्हणाला, "शब्द दिलाय जी."

किल्ली टेबलावर ठेवून पाया पडला. जाताना सांगून गेला, दुसरा गिअर घालताना घाई करू नका. मला फार वाईट वाटलं. त्याला एवढं तरी सांगायला हवं होतं, पण मी "बरं" म्हणालो.

१ मे, सकाळी

मोटारीत जाऊन बसलो, अनवाणी. इंजिन चालू केलं नाही. चवडा ब्रेकवर, टाच ॲक्सिलरेटरवर, दुसरा गिअर. पायाला खरंच कळतं. दहापैकी दहा वेळा बसला.

अकराला हिंडलग्याला अशिलाकडे जायचं आहे. वसुधा दारात आली, जरा वेळ बघत उभी राहिली, आणि विचारलं, टांगा बोलवू का.

बोलाव म्हणालो.