आधी पाना, मग रेघ

३ फेब्रुवारी

टाकी बसली. एकदाची! दुपारभर मी तिच्याशी भांडत होते. शेवटी कळलं, खालचं रबर दादाने मापात कापून ठेवलं होतं आणि तेच मी खोक्यात विसरले होते. मामा दारात उभा राहून मजा बघत होता. "चष्म्याचे स्क्रू फिरवणारी पोर मोटरसायकल बांधायला निघाली," म्हणाला. दुकानात मी दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काड्या बसवते, त्याला ते फार विनोदी वाटतं. मी म्हटलं, स्क्रू तो स्क्रूच, इथला जरा जाडा आहे एवढंच.

मग मूळ मुद्द्यावर आला. विकून टाक, गॅरेज मोकळं कर, आईच्या डोळ्यांसमोर ते रोज कशाला? मी पाना हातात तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. गेला.

अजून सीट आहे, पुढचा ब्रेक आहे, वायरिंग आहे. दादाने जुनाट गाडीचा सांगाडा कापून शेपूट वर उचललं, हँडल खाली घेतलं, इंजिन उघडून पुन्हा भरलं. आई म्हणायची, ही चालवायची की हिच्यावर पालथं झोपायचं? एवढं सगळं करून तो गेला. ताटात अर्धा घास न टाकणारा माणूस.

५ फेब्रुवारी

दादाने बसवलेला एकेक बोल्ट आज पान्याने तपासला. एकही हलला नाही. एकही!

इथेच लिहिते, कारण बाहेर सांगून उपयोग नाही. दादाचा नियम होता — आधी पाना, मग रेघ. बोल्ट पुरता आवळला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ. बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ आहे म्हणजे आवळलाय, परत हात लावायचं कारण नाही. हे तो इतक्यांदा सांगायचा की मी कानांत बोटं घालायचे.

आणि गेल्या वर्षी तो पडला तो पुढचा ब्रेक सुटून. गाडी ही नव्हे, त्याची रोजची जुनी. आदल्या संध्याकाळी त्यानेच ब्रेक काढून साफ करून बसवलेला. एक बोल्ट रस्त्यात कुठे पडला कोण जाणे, दुसरा लोंबत होता. ब्रेक चाकात अडकला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांनी तो लोंबणारा बोल्ट मला दाखवला. त्याच्यावर रेघ होती. "आटे जसेच्या तसे आहेत बघ. हा आवळलाच नव्हता. आधी रेघ मारून ठेवली आणि आवळायचं राहिलं. घाई नडली गं त्याची."

तेव्हापासून गल्लीत तेच. पोरगा गुणी, पण घाईत गेला. मामाही तेच म्हणतो. हा विषय निघाला की आई उठून आत जाते.

मला सहन होत नाही. दादा, आणि न आवळता रेघ? ही गाडी पुरी करून मी काकांच्या दारात नेऊन उभी करणार आहे. लावा म्हणावं पाना, काढा एक ढिला बोल्ट शोधून.

९ फेब्रुवारी, रविवार

गंमतच झाली. पाय ठेवायच्या दांड्या काल आवळल्या, रेघा आज ओढू म्हणून ठेवल्या होत्या. सकाळी बघते तर ओढलेल्या! मीच ओढल्या असणार. दुकानातही परवा एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर चढवला. तो बिचारा म्हणतोय, काहीच दिसत नाही, आणि मी म्हणतेय, सवय होईल.

१० फेब्रुवारी

चेनच्या बाजूलाही रेघा. या मी ओढलेल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी

दुकानातलं भिंग मुद्दाम घरी आणलं. माझी रेघ म्हणजे रंगात पडलेली मुंगी चालत गेल्यासारखी. या नव्या रेघा सरळ, बारीक, शेवटी किंचित उजवीकडे वळलेल्या. दादाच्या इंजिनावर आहेत अगदी तशा. तोच हात.

कोणाला सांगू? मामाला सांगितलं तर तो मला डॉक्टरकडे नेईल. आईला सांगायची हिंमत नाही, तिला आत्ता कुठे धड झोप लागायला लागलीये.

घाबरले का? हो, घाबरले. पण खरं सांगायचं तर दिवसभर हसू फुटत होतं. तो आहे. इथेच आहे कुठेतरी, माझ्या मागे मागे माझी राहिलेली कामं करतोय. आज कटकट्या गिऱ्हाइकांशीसुद्धा गोड बोलले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज त्याच्याशी मोठ्याने बोलले. म्हटलं, दादा, वायरिंग कळत नाहीये रे. अर्थात उत्तर नाही. पण नंतर काळ्या वायरीचा घोळ माझा मलाच सुटला आणि पुढचा दिवा लागला. निघताना आतला बल्ब चालूच ठेवला त्याच्यासाठी. आई ओरडली, कोणासाठी जळतोय तो?

मी सांगणारच होते. तिचं तोंड बघितलं आणि म्हटलं, विसरले.

१९ फेब्रुवारी

पुढचा ब्रेक. सकाळी दुकानात जायच्या आधी दोन्ही बोल्ट हाताने नुसते अडकवून गेले, पाना संध्याकाळी लावू म्हणून. संध्याकाळी आले. दोन्हींवर पिवळी रेघ.

आधी आनंदच झाला. मग सहज बोट लावलं तर बोल्ट फिरला. नुसत्या बोटाने! दुसराही तसाच.

तिथेच फरशीवर बसले. म्हणजे दादा न आवळता रेघ ओढतो. म्हणजे काका म्हणतात तेच खरं. ज्याच्यासाठी मी वर्षभर सगळ्या जगाशी वाकडं घेतलं, तोच येऊन दाखवून गेला की हो, अशीच चुकी केली मी. आणि वर माझ्या गाडीलाही तेच? मला पण न्यायचंय का तुझ्याबरोबर? हे मी ओरडून म्हटलं. आईने आतून विचारलं, काय झालं गं? बोट चेपलं, म्हणून सांगितलं.

मेलेल्या माणसाचा एवढा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

२० फेब्रुवारी

गॅरेजकडे फिरकले नाही. जेवलेही नाही धड.

२३ फेब्रुवारी, रविवार

मेकॅनिककाका घरी आले. रस्त्यात दिसले की मी तोंड फिरवते, म्हणून शेवटी स्वतःच आले. गाडीभोवती फिरले, वाकून वाकून बघितलं. "सुरेख केलीये दोघांनी," म्हणाले. दोघांनी! मग आवाज खाली आणून म्हणाले की त्यांच्याही हातून एकदा बोल्ट राहिला होता, नशिबाने तो वेळेवर दिसला. दादाला नावं ठेवायची म्हणून ते बोलले नव्हते.

एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. आज बसायला स्टूल पुढे केलं. आई चहा घेऊन आली तशी त्यांनी हवापाण्याचं काढलं.

ते गेल्यावर ब्रेकचे दोन्ही बोल्ट पान्याने आवळले, पान्याचा खट्ट आवाज येईपर्यंत. त्या सुंदर रेघा फडक्याने पुसून टाकल्या आणि माझ्या वाकड्या ओढल्या. पुसताना रडले.

२६ फेब्रुवारी

डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. गॅरेजचं शटर अर्धं वर. आत आई!

बुटक्या स्टुलावर बसलेली, मीच बनवून दिलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात बारका ब्रश. लहान मुलं चित्र काढताना काढतात तशी जीभ जराशी बाहेर. मागच्या चाकाच्या बोल्टवर रेघ ओढत होती. माझ्या भुताने वळून बघितलं आणि विचारलं, आज लवकर कशी, जेवलीस का?

मला हसू आवरेना. हसता हसता रडायलाच लागले. तिला वाटलं मी चिडलेय. "तुझ्या राहून जातात गं रेघा. बोडके बोल्ट बघवत नाहीत मला. दादाच्या पण मीच ओढायचे. ब्रश धरला की हात हलायचा त्याचा. त्याचं झालं की हाक मारायचा, आई, ये, सही कर."

म्हणजे दादा आलाच नव्हता! ब्रेकच्या ढिल्या बोल्टवरची रेघ त्याची नव्हतीच. तो काही कबूल करून गेला नाही, माझ्या जिवावर उठला नाही. मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, अगं रंग लागेल, सोड. कपाळाला बाम चोळून तिने मला झोपवलं.

दादा गेल्याचं आज पुन्हा नव्याने वाईट वाटलं. तो येतोय म्हणून किती खूश होते मी. पण आईची तरी सोबत झाली. आता मी आवळेन, ती रेघ ओढेल. आधी पाना, मग रेघ. तिला हे उद्या नीट समजावून

इथे पेन थांबलं. एक भलताच विचार मनात आलाय. आईला विचारायला हवं. नको. विचारायचंच नाही.

२ मार्च, रविवार

गाडी सुरू झाली. पहिल्याच प्रयत्नात. आई टाकीवर हात ठेवून ऐकत होती. बंद केल्यावर, मी न विचारताच, ती म्हणाली, "जायच्या आदल्या संध्याकाळी जुन्या गाडीचा ब्रेक बसवत होता बघ. मध्येच फोन आला म्हणून बाहेर गेला. म्हटलं, तेवढंच त्याचं काम हलकं. त्याने हाक मारायच्या आतच रेघा ओढून ठेवल्या. परत आला, बघितलं, माझ्या गालाला काळं बोट लावलं आणि हत्यारं आवरली." पदराने टाकी पुसली. "का गं, त्या रेघेचा उपयोग काय असतो?"

मी म्हटलं, काही नाही, नुसती शोभेची.

"मग लोक म्हणतात ते खरंच का? त्याने घाई केली?"

"हो आई. घाईच नडली दादाची."