रोझिटाची बदली

रुवी, मस्कत
६ मार्च २०२६

प्रिय रसेल,

तुला आणि घरच्या सगळ्यांना खूप प्रेम. माझी तब्येत बरी आहे. आमच्या हॉटेलातला कुक नॉरबर्ट ईस्टरसाठी वसईला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. तुझी लेक जॅस्मिन तुझा फोन सारखा बघत असते, म्हणून कागद. वाचून फाडून टाक.

यंदा रमजान आणि आपला उपवासकाळ बरोबरच लागले. रमजानमध्ये इथे गाणं-बजावणं बंद, त्यामुळे स्टेजवरच्या रोझिटाला सुट्टी आणि खऱ्या इव्हॉनला नॅपकिनच्या घड्या. हसू नकोस, माझी नॅपकिनची कमळं बघून हाउसकीपिंगवाले जळतात.

रोझिटा मेक्सिकोची, त्यामुळे गिऱ्हाइकांसमोर मराठी बोलायचं नाही. नाताळात वसईचं एक कुटुंब पुढच्याच टेबलावर बसलं होतं. त्यातली म्हातारी म्हणाली, "आपल्यातलीच दिसते गो ही." मी स्पॅनिश ओळ गात राहिले. त्या ओळीचा अर्थ मला आजही माहीत नाही.

लग्नांत वाजवणाऱ्या पप्पांच्या बँडमधला ट्रम्पेट मी माझ्या कंट्री गिटारला जोडला आणि खाली रुंबाचा ठेका धरला, तेव्हा तूच म्हणाला होतास, हे काय कडबोळं? तरी लोक नाचले. अल्बम निघाला, आपल्या नाक्यावर माझं पोस्टर लागलं. ते माझं होतं, रसेल. इथे त्याला मोठी टोपी घातली आणि रोज तीच गाणी, त्याच क्रमाने. नवं काही ऐकवलं की मॅनेजर रविकांत सर म्हणतात, गेस्टला जुनंच हवं. आता नवं सुचतही नाही.

जॅस्मिनने पाठवलेली क्लिप मी कँटीनमध्ये ऐकत होते. पोरगी गोड गायलीय. सर मागेच उभे होते. "भतीजी? सेम आवाज, और बीस साल छोटी. बुला लो." पुढचं तुला माहीत आहे. तिला फोन गेला, ती हवेत आहे, आणि तू मला विचारतोस, पाठवू का? मी प्रत्येक वेळी 'बघू' म्हणून विषय बदलते.

बदलते, कारण माझ्या करारात आहे की माझ्या जागी बदली गायिका मिळेपर्यंत सोडायचं नाही. सही माझीच आहे. केव्हापासून मी सुटका मागतेय. सर म्हणतात, "बदली दो, रिलीज लो, खलास." जॅस्मिन इथे उतरली की माझं तिकीट निघतं.

मला घरी यायचंय रे. इतकं यायचंय की परवा बाजारात जाऊन मी तिच्यासाठी पलंगाची चादर घेऊन आले, निळ्या फुलांची. माझ्याच पलंगावर घालून पाहिली. मग माझीच मला भीती वाटली.

चादर नॉरबर्टबरोबर पाठवतेय. तिला तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर घाल. तिला पाठवू नकोस. ती रडेल, आत्या जळते म्हणेल, म्हणू दे. आणि ईदनंतर गाणं सुरू झाल्यावर कधी मीच फोन करून म्हटलं, पाठव तिला, तर माझं ऐकू नकोस.

ईस्टरला माझं ताट मांडू नका.

पोस्टरवर काहीही नाव असो,
तुझी ताई,
इव्हॉन