वावरातली ओल

आबा,

त्या दुपारी आपण दोघं बांधावर बसून कळण्याची भाकरी खात होतो. मी नन्सच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले होते. केळीची बाग कापून झाली होती आणि चोपड्याकडच्या वावरावावरांतून धूर निघत होता, कारण कापणी झाली की पानं आणि खांब बांधावर ओढायचे, वाळवायचे, पेटवायचे, हीच सगळ्यांची रीत. मीही पानं ओढायला उठले, तर तुम्ही हात धरून खाली बसवलंत. "ऱ्हाऊ दे वं. जमीनले बी भूक लागस." मग तुम्ही कोयत्याने खांबांचे तुकडे करून ओळींमध्येच पसरत बसलात. शेजारचे नाना जाता जाता ओरडले, "आबा, हाई वावर शे का उकिरडा?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "उकिरडाच शे नाना. चप्पल काढीसन उभा ऱ्हाय, मंग बोल." ते हसत निघून गेले. चप्पल मी काढली. भर उन्हात पायाखाली गार, मऊ लागलं.

पाऊस झाला की तुम्ही ताग पेरायचात आणि फुलावर आला की तसाच जमिनीत गाडायचात. आता उन्हाळा होळीआधीच येऊन बसतो, विहिरी आटतात, लोक बोअर खोल खोल नेताहेत. आपल्या वावरात मात्र वाळल्या पाल्याखाली बोट घातलं की ओल लागते, गांडूळ वळवळतं.

लागायची, असं लिहायला हवं. तुम्ही गेलात, आणि दिवस झाल्यावर तलाठी ओट्यावर आले आणि मी हक्कसोडीवर सही केली. आपल्याकडे बहिणी करतातच. भावाने साडी नेसवली, माहेर उघडं राहिलं. हे वारल्यावर जळगावचं भाड्याचं घर सोडून मी वावरातल्या खोलीत आले, तेव्हा त्यानेच भिंतींना चुना फासून दिला. आत्तापर्यंत त्यानेही तुमचीच रीत ठेवली होती. या आठवड्यात, मजूर मिळत नाहीत म्हणून, त्याने तणनाशक मारलं आणि खांब पेटवले. मी आडवी गेले. तो हसला. "अक्का, वावर मना नावनं शे ना? आज जेवाले काय करी ऱ्हायनी तू, ते सांग." खिडकी लावली तरी वास आत येतो. मला जायला दुसरं घर नाही. आणि तो वाईट नाही, आबा. वाईट असता तर भांडता आलं असतं.

हे पत्र टाकणार कुठे? गादीखाली ठेवते. माझ्यामागे ज्याला सापडेल त्याने एवढं करावं. शिवणयंत्र वहिनीला द्यावं. पुस्तकं गावच्या शाळेला. मडक्यातलं तागाचं बी भावाच्या मुलीला, आणि तिला सांगावं की कधी हक्कसोडीचा कागद पुढे आला तर सही करू नकोस. मी स्वतः तिला हे सांगणार नाही. तिचा बाप रोज संध्याकाळी माझ्या हातचं जेवतो, आणि त्याला उशीर झाला की मी दारात उभी राहते.