रुमालाचं टोक

राजाजीनगर, रविवार, १३ मार्च १९९४

थकले आज. इथल्या मराठी मंडळात त्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्र्यावर बोलले. तो मठातल्या माणसांना एकमेकांचे हात धरून उभं करायचा, बरणीत साठवलेली वीज त्यांच्यातून सोडायचा आणि सगळे एकदम टुणकन उडायचे. विज्ञान असं अंगावर दाखवायचा.

मीही तशीच बरणी करून नेली होती. रांगेत एक माणूस कमी पडला, म्हणून हॉल झाडणाऱ्या नंजप्पाला बोलावलं. शेजारी गोपाळअण्णा, मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद. त्यांनी हात दिलाच नाही, रुमालाचं टोक पुढे केलं. नंजप्पाने ते धरलं. कोरड्या कापडातून वीज कशी जाणार? कुणालाच झटका बसला नाही.

आणि मी काय म्हणाले? "बरणीत वीज कमी भरली असेल." तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं ना मी? तो रुमाल मला दिसला नव्हता?

सगळे गेल्यावर नंजप्पा खुर्च्या उचलत होता. मी नजर चुकवत बरणी पिशवीत घातली. तो अगदी समजुतीने म्हणाला, "बरणी चांगली आहे, अक्का. पुढच्या वेळी रुमाल स्वल्प ओला करायला सांगा."