परतलेल्या नवऱ्याचा प्रवेश

सावंतवाडी, ९ मार्च १९५८

सुनीतीच्या बाबांस,

अकरा वर्षांनी तुमचं पत्र आलं, चैत्रात परततोय म्हणून. त्याच आठवड्यात आम्ही शिक्षक-शिक्षिकांनी शाळेत ग्रीक पेनेलपीचं नाटक दशावतारी पद्धतीनं केलं. वीस वर्षं नवऱ्याची वाट पाहणाऱ्या राणीचं काम माझ्याकडे होतं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, सुचेल ते बोलायचं.

नवरा झालेले दत्ताराम मास्तर म्हणाले, "राणी, मी इलंय!"

मी पाया पडायचं होतं. तोंडून निघालं, "इलात? पण तुमका बोलवल्यान कोणी?"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ते राणी बोलली की मी, अजून कळत नाही. आज तुमची खोली झाडली, आणि आतून कडी लावून तिथेच बसलेय.

तुमची म्हणू का?
कावेरी