रविनाला आणायला रेवदंड्याला

सोमवार, २ फेब्रुवारी. सापगाव.

प्लॅन फायनल. उद्या सकाळी मी आणि बायको संगीता रेवदंड्याला निघणार. शुक्रवारी रविनाला घेऊन तिघे परत. रविवारी मुरबाडचे हनुमानशेठ त्यांच्या संजूला घेऊन पोरीला बघायला येणार. मी शब्द दिला आहे, आणि सापगावात माझ्या शब्दाला वजन आहे. (शाळेच्या कंपाउंडचा विषय वेगळा. ती भिंत मी बांधली म्हणून पडली नाही, खालची माती खचली.)

संजूचा स्वतःचा जेसीबी आहे. माझ्यासारख्या ठेकेदाराच्या घरात जावयाबरोबर जेसीबीही आला तर... पण मुद्दा तो नाही. मुद्दा पोरीच्या सुखाचा आहे.

रविना हॉटेलचा कोर्स करून "थोडा अनुभव घेते" म्हणत तिकडच्या एका होमस्टेमध्ये कामाला लागली, ती दिवाळीला तोंड दाखवून परत गेली. नुसत्या नोकरीसाठी कोणी एवढं लांब राहत नाही. मागे एखादा पोरगा असणार. संगीताला म्हणालो तसं. ती तांदूळ निवडत म्हणाली, "आसंल." म्हणजे तिलाही पटलं.

कामाची वाटणी : पोरीचं मन वळवणे, संगीता. सुपरव्हिजन, मी.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. रेवदंडा.

पोचलो. एसटीत संगीताला खिडकी दिली. पुढे तिने ती सोडली नाही.

हे गाव म्हणजे कमाल आहे. अख्खं गाव पोर्तुगीजांच्या कोटात. रस्ता तटबंदीतून आत शिरतो आणि आत माणसं मजेत राहतात. नारळाच्या वाड्या, घरं, "एसी रूम मिळतील"च्या पाट्या. मध्येच छप्पर नसलेलं चर्च. मध्येच एक तोफ, तिच्यावर कोणाची तरी चादर वाळत घातलेली. पोर्तुगीज गेले आणि मागचं कोणी आवरलंच नाही.

एक मनोरा आहे. नाव सातखणी. मी मजले मोजले, सात भरले नाहीत. बिल सातचं आणि काम कमी. त्यांचाही कोणी ओळखीचा इंजिनिअर असणार.

रविनाने स्टँडवर येऊन आईला मिठी मारली. मला म्हणाली, "बाबा, बॅग द्या." पोरगी वाळलीय असं सगळ्यांना सांगायचं ठरवलं होतं. ती वाळलेली नाही. चेहऱ्यावर तेज आहे. संशय वाढला.

होमस्टेची मालकीण जयाताई. साठीची, एकटी, आवाज फौजदाराचा. मी ओळख करून दिली, "मी रविनाचा बाप, बांधकाम क्षेत्रात आहे." म्हणाली, "बरं झालं, संडासाची कडी निघालीय."

संध्याकाळी समुद्रावर. संगीताने पाणी बघितलं. चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि सरळ आत गेली. मी काठावरून सूचना देत होतो. लाटांच्या आवाजात तिला ऐकू गेल्या नसाव्यात.

माझे बूट भिजले. समुद्र न सांगता पुढे येतो.

बुधवार, ४ फेब्रुवारी. दुपार.

पोराचा तपास केला. या वाडीत पुरुष म्हणजे नारळ पाडायला येणारा बुधू. वय सत्तरीच्या पुढे, दात तीन. दुसरा बोका. पोरगा हुशार दिसतो, लपून आहे.

सकाळी जयाताईंची स्वयंपाकीण पेणला भावाच्या लग्नाला निघून गेली. संगीता कोणी न सांगता पदर खोचून चुलीपुढे बसली. मला आधी राग आला, आपण पाहुणे आहोत. मग लक्षात आलं. आतल्या गोटात शिरली! माझ्याबरोबर पंचवीस वर्षं काढल्याचा हा परिणाम.

पुण्याच्या पाहुण्यांनी तांदळाच्या भाकरीचे फोटो काढले. भाकरीचे! मी आयुष्यभर खातोय, कधी फोटो काढावासा वाटला नाही. एका बाईने तर संगीतालाच शेजारी उभं करून फोटो काढला. संगीता हसली. तिला एवढे दात आहेत हे मी विसरलो होतो.

जेवण झाल्यावर हळूच विचारलं, काम कुठवर आलं? म्हणाली, "चाललंय." शाब्बास.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

चर्चमध्ये मुंबईचं एक जोडपं भेटलं. त्यांना मी गाइड वाटलो. (पर्सनॅलिटी.) लगेच सगळं समजावलं. हे बघा, इथे स्लॅब टाकायचा राहिला. चुना वापरलाय, सिमेंट नाही, म्हणून ही अवस्था. बाई म्हणाली, "पण चारशे वर्षं उभं आहे ना?" मी म्हटलं, सिमेंट असतं तर आणखी टिकलं असतं.

मग विचारलं, तुम्ही मुंबईत पाणी कुठलं पिता? त्यांना माहीत नव्हतं. म्हटलं, आमचं! तानसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात. दोघांनी हात जोडून थँक्यू म्हटलं. बरं वाटलं. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो हे मुद्दामच बोललो नाही. पाहुण्यांचा मूड कशाला घालवा.

तेवढ्यात एक फोटोग्राफर ओरडला, "काका, फ्रेममधून बाहेर!" मागे एक नवरा-नवरी लग्नाआधीच गळ्यात गळा घालून उभे होते. शेजारी बकरी. बकरीला कोणी काही म्हटलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. रात्री, जेवणानंतर.

आजचा दिवस महत्त्वाचा. बोलणी झाली. जरा उंचावर झाली.

सकाळी वाडीमागच्या तटबंदीची पाहणी करायला गेलो. बुधूची शिडी लावलेली होती. वर चढलो. भिंतीची रुंदी बघून थक्क झालो. एवढा माल! आमच्या टेंडरमध्ये एवढ्यात अख्खी ग्रामपंचायत बसते. पाहणी करत पुढे गेलो आणि वळून बघतो तर शिडी नाही. बुधू ती घेऊन दुसऱ्या वाडीत गेलेला. एका बाजूला समुद्र, एका बाजूला काटेरी झुडपं. उतरायचा एक प्रयत्न केला. पँट मागून फाटली. प्रयत्न थांबवला.

हाका मारल्या. बऱ्याच वेळाने रविना आली, शिडी घेऊन. पण ती भिंतीला लावेना. आडवी ठेवली आणि तिच्यावरच बसली.

"बाबा, खाली आलात की तुमी माझं ऐकत नाय. आता ऐका."

मी म्हटलं, आधी शिडी लाव. म्हणाली, "आधी ऐका."

मी शांतपणे ऐकून घेतलं. (दुसरा मार्ग नव्हता.)

म्हणाली, इथे मागे कोणी पोरगा नाही. जयाताईंना गुडघ्यांमुळे आता झेपत नाही, त्या होमस्टे तिला चालवायला देणार आहेत. निम्मी भागीदारी. दोन खोल्या ती नव्याने काढणार आहे. "मला हे काम जमतं बाबा. लोकं मला इच्यारून निर्णय घेतात. आपल्या घरात मला भाजी काय करू हेबी कोणी इच्यारलं नाय."

हे मला लागलं. ऊनही लागत होतं.

मग म्हणाली, "आणि मुरबाडला मी संजूशी बोललेय." पुढचं वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. मी दोनदा "काय?" म्हटलं. तिने हात हलवला, म्हणजे राहू दे.

तिने शिडी लावली. उतरताना खाली घट्ट धरून उभी होती. "जपून, उजवा पाय," म्हणत होती. लहानपणी ती चिंचेवर अडकली तेव्हा मी काही असा धरून उभा नव्हतो. ओरडत होतो.

दिवसभर विचार केला. भागीदारी वगैरे वयाचा उत्साह आहे. मुख्य मुद्दा पकडला पाहिजे. ती संजूशी स्वतःहून बोलली! म्हणजे विषय बराच पुढे गेला आहे. पोरी असंच आडून सांगतात.

पँट संगीताने शिवून दिली. शिवताना हसत होती. मी विचारलं, काम? म्हणाली, "झालंच समजा."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. एसटीत. अक्षर हलतंय.

परत निघालो. एकटा.

तपशील : सकाळी रविना म्हणाली, सीझन आहे, लगेच निघता येणार नाही. ठीक आहे, उद्या येईल. मग संगीताने माझी बॅग आणून दिली. तिची कुठाय विचारलं तर म्हणाली, "मी ऱ्हाते आठ दिवस. सैपाकीण यायचीय अजून. तुमी व्हा पुढं."

मी म्हटलं, घरी जेवायचं काय?

म्हणाली, "तांदूळ डब्यात हायेत."

जयाताई आतून ओरडल्या, "राहू दे हो तिला! पाहुणे तिच्या भाकरीसाठी एक दिवस वाढवून राहिलेत."

मी हुज्जत घातली नाही. काम मोठं असलं की मुदतवाढ द्यावी लागते. संगीता थांबली म्हणजे पोरीला उद्या निश्चित गाडीत बसवणार. मागे कोणीतरी जबाबदार माणूस हवाच होता.

स्टँडवर दोघी सोडायला आल्या. गाडी वळली तेव्हा हात हलवला. त्यांची पाठ होती. दोघी कशावरून तरी हसत चालल्या होत्या.

शनिवार, ७ फेब्रुवारी. सापगाव.

घर झाडलं. पडदे बदलले. शहापूरहून पोहे, शेव, आणि पाहुण्यांसाठी नवे कप आणले.

शेजारच्या धोंडूबाईला उद्या पोहे करायला बोलावलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "पोरगी कंदी येणार?" म्हटलं, रात्रीपर्यंत. "आन् संगीता?" म्हटलं, ती कामावर आहे.

रविनाला फोन केला, बिझी. संगीताने उचलला नाही. गाडीत असतील. गाडीत रेंज जाते.

रात्री भात लावला. पाणी जास्त झालं. पेज पचायला हलकी असते.

रविवार, ८ फेब्रुवारी. दुपार.

कोणी आलं नाही.

रेवदंड्याहून कोणी नाही, मुरबाडहूनही कोणी नाही. धोंडूबाई कढई घेऊन तयार. शेवटी हनुमानशेठना मीच फोन लावला. म्हटलं, निघालात का?

ते म्हणाले, "कुटं निघायचं सुरेंद्रशेठ? तुमच्या पोरीनं संजूला कवाच फोन केला ना. लई चांगलं बोलली, म्हनं तुजी काय चूक नाय, मला अजून लगीनच करायचं नाय. संजूबी म्हनला, बरं झालं आधी सांगितलंस. त्याचं किन्हवलीला ठरलं पन. आमाला वाटलं तुमाला म्हाईत असंल. आमच्या हिनं तुमच्या मंडळीला कळवलं हुतं, पंधरा दिस झालं."

मी म्हटलं, हो हो, माहीत होतं. सहज फोन केला.

मग संगीताला लावला. लागला. मागे समुद्राचा आवाज. मी म्हटलं, तुला हे माहीत होतं? म्हणाली, "व्हय."

मग निघायच्या आधी बोलली का नाहीस?

तिने आवाज काही चढवला नाही. "आवो, तुमाला सांगितलं आसतं तर तुमी मला समुद्र दावायला नेलं आसतं का?"

मी म्हटलं, नेलं असतं.

दोघांना खरं माहीत होतं.

परत कधी येतेस विचारलं. "बघू," म्हणाली. मग कोणीतरी तिला "काकू, भाकरी!" अशी हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

पोहे एकट्याने संपेनात. उरलेले धोंडूबाईने डब्यात भरले. दारात चपला घालताना थांबली आणि विचारलं, रेवदंड्याची गाडी कल्याणहून किती वाजता सुटते, आणि तिथे एकट्या बाईला रूम देतात का.