मसणवट्यातली बकुळ

प्रिय गयाआत्या,

आज ग्रामसभेत तुझी बकुळ वाचली. तुझ्याआधी हे कुणाला सांगायचं? म्हणून घरी येताच लिहायला बसले.

मसणवट्यात नवी शेड बांधायची, तर झाड तोडावं, असा ठराव होता. जिल्हाभर सभा गाजवणारी तुझी भाची भाषण पाठ करून गेली होती. गावातच हरले असते, तर पुन्हा कुठल्या तोंडानं बोलले असते?

आठवतं, नव्वद साली आजोबा गेल्यावर तू मसणवट्यात ही बाग सुरू केलीस? आजोबांना पोचवून आलेली माणसं म्हणाली, तिथं सावली नाही, धुराचा वास नाकातून जात नाही. बाया जिथं पाय ठेवत नव्हत्या, तिथं तू कुदळ घेऊन गेलीस! पहिला मोगरा शेळ्यांनी फस्त केला. मग तू भोवती कण्हेर लावलीस, शेळी तिला तोंड लावत नाही. रातराणी बसायच्या ओट्याजवळ लावलीस, तर लोकांची डोकी उठली.

तालुक्याच्या वाचनालयातून मी बागेच्या रचनेची पुस्तकं आणायची, मोठ्यानं वाचायची, आणि आपण दोघी भांडायचो. त्या भांडणातूनच ठरलं: रातराणी पार फाटकाशी, म्हणजे वाऱ्यावर नुसती झुळूक येईल. मोगरा ओट्याला लागून, खाली मान घालून बसलेल्याला तो पोचावा म्हणून. आणि मधोमध बकुळ, सावलीलाही आणि वासालाही.

त्यावरून तेव्हाच्या ग्रामसभेत धोंडबाकाका उठले होते. "मसणातल्या फुलांचा वास घरात येऊन राहिला. लेकरं भेतात."

मी पेटून उभी राहिले, तर तू माझा पदर ओढलास. "सुमे, खाली बस." मग त्यांना म्हणालीस, "धोंडबा, तिथं तुझा बाप हाय, माझा बी हाय. भेव काहून? देवासाठी न्हाई लावलं मी. रडून थकलेल्या माणसासाठी लावलं."

किती सभा ऐकल्या मी, पण एवढ्या थोडक्यात सभा जिंकणारं दुसरं माणूस नाही पाहिलं!

झाडं राहिली. पण तिथलं फूल कुणी घरी नेलं नाही. आत्या, तूसुद्धा नाही! सगळ्या गावाला न भिणारी तू, एका फुलाला का ग भ्यालीस?

आज सरपंचांनी ठराव वाचला. मी उठणार, तोच धोंडबाकाका काठी टेकत उभे राहिले. या उन्हाळ्यात काकू गेल्या त्यांच्या. म्हणाले, "शेड पलीकडं सरकवा. झाड ठेवा. मला रोज तिथं बसावं लागतं."

मागून कुणीतरी टोमणा मारला, "काका, तुमीच तर त्या वासाला भेत होता."

"व्हय, भेत होतो," काका म्हणाले. "तवा म्हातारी घरी होती."

ठराव फिरला, शेड पलीकडे जाणार. भाषण न करता मी इतक्या ताठ मानेनं घरी आले, की वाटेत लोक विचारत होते, निवडून आलीस का काय?

आता माझा शब्द घे. उद्या पहाटे बकुळीखालचा सडा मी ओंजळीनं वेचून घरी आणणार आहे. तुझ्या तसबिरीला तिथल्याच फुलांचा हार चढेल. सुकला तरी वास सोडणार नाही तो. आणि आलाच कुणी नावं ठेवायला, तर माझं भाषण अजून तसंच शिल्लक आहे.

तुझी, खाली न बसणारी,
सुमी